नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही

ऑनलाइन फॉर्म जेपीजी फोटो मागतो आणि आपल्याकडे असतो पीएनजी. मग अनेकजण नावातली शेवटची तीन अक्षरं बदलून मोकळे होतात. फोटो उघडतोही, त्यामुळे फाइल बदलली असंच वाटतं. पण आतला एकही बाइट, म्हणजे आठ बिटांचा आकडा, हललेला नसतो. फोटो दाखवणारा प्रोग्राम नावावर न जाता आतले पहिले बाइट बघतो, म्हणून तो उघडतो.

पीएनजीच्या सुरुवातीचे आठ बाइट बघा: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. दुसरा ते चौथा म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. बाकीचे पाच मला फार आवडतात, कारण प्रत्येकाला काम नेमून दिलंय. पूर्वीच्या काही यंत्रणा प्रत्येक बाइटचा आठवा बिट गाळत. त्या बिटाची किंमत १२८, म्हणून तसं झालं तर १३७ चे ९ होतात आणि बिघाड लगेच उघडा पडतो. १३ आणि १० ही विंडोजमधली ओळ संपल्याची खूण, युनिक्समध्ये नुसता १०. वाटेत कुणी फाइलला मजकूर समजून ओळींच्या खुणा बदलल्या, तर एका दिशेचा बदल ही जोडी पकडते, उलट दिशेचा शेवटचा १०. आणि २६ मुळे डॉस या जुन्या प्रणालीत फाइल चुकून पडद्यावर छापायला घेतली तरी छपाई तिथेच थांबते.

ब्राउझरला मात्र फाइलचा प्रकार सर्व्हर हेडरमध्ये, म्हणजे फाइलआधी पाठवलेल्या माहितीच्या ओळींत, कळवतो. तो बरेचदा चुकीचा असे, म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर पहिले २५६ बाइट वाचून स्वतःच अंदाज बांधायचा. तिथेच घात झाला. फोटो म्हणून चढवलेल्या फाइलच्या सुरुवातीला एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, लिहिलं, की ब्राउझर तिला वेबपान समजून आतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालवायचा. एका साइटच्या स्क्रिप्टने दुसऱ्या साइटचा डेटा वाचायचा नाही, हा वेबचा मूळ नियम. त्यातून सवलत द्यायची तर सर्व्हर ती कॉर्स नावाच्या पद्धतीच्या हेडरमधून देतो. पण ही स्क्रिप्ट त्याच साइटवरून आलेली, मग तिला अडवणार कोण? नुसतं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातली ती शेवटची अक्षरं, तपासून ‘शंभर टक्के सुरक्षित अपलोड’ म्हणवणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

इंटरनेट एक्सप्लोरर ८ पासून सर्व्हरला ‘नोस्निफ’ असं बजावता येऊ लागलं: अंदाज बांधू नकोस, मी सांगतो तोच प्रकार मान. पुढे क्रोमने हाच अंदाज राखणीलाही लावला. परक्या साइटचा जेसॉन, म्हणजे मजकुराच्या रूपातला डेटा, कुणी चित्र म्हणून मागवला, तर क्रोम त्याचे सुरुवातीचे बाइट तपासतो आणि तो डेटाच आहे अशी खात्री पटली की मागवणारं पान चालवणाऱ्या प्रोसेसपर्यंत पोचूच देत नाही.