गर्भपिशवीच्या तोंडाची कॅन्सर तपासणी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांनी कुठं जायचं, काय न्यायचं

या तपासणीला ऑनलाइन अर्ज नाही, सरकारी दवाखान्यात पैसेही पडत नाहीत. वय 30 ते 65 असलं की झालं, त्रास असो नसो, रेशन कार्ड बीपीएल असो नाहीतर एपीएल, दर 5 वर्षांनी एकदा करायची. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत दोघींनीसुद्धा ती कधी केलेली नव्हती.

सुरुवात आशाताईपासून होते. ती सीबॅक फॉर्म, म्हणजे आरोग्याच्या प्रश्नांची यादी भरते, त्यात तंबाखू-मिश्री, बीपी-शुगर आणि मग खरे प्रश्न, पाळी नसताना रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, पाळी बंद झाल्यावर परत दिसलं का, वास येणारं पांढरं जातं का. आता हे उंबऱ्यात, सासू-दीर ऐकत असताना विचारलं तर कुठली बाई हो म्हणणार? म्हणून आशाताईला आत घ्या, नाहीतर तुम्हीच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जाऊन सांगा, आणि फॉर्म कन्नडात असला तर एकेक प्रश्न मराठीत समजावून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. यातलं एक जरी होत असेल तर तपासणीची वाट बघू नका, सरळ डॉक्टरकडं जा.

तपासणीला सरकारी दवाखान्यात जाताना आधार कार्ड आणि मोबाईल न्या, आभा (सरकारी आरोग्य ओळख) नंबर असला तर तोही. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, गरोदर असाल तर आधीच सांगा. सिस्टर गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावते, मिनिटभर थांबते, पांढरा डाग उठला तर पॉझिटिव्ह. थोडं चुरचुरतं, पण निकाल तिथंच कळतो. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पुढं बघायला हवं एवढंच.

आणि नेमकं इथंच बायका सुटतात. सुगी, पोरांची परीक्षा, सोबत यायला कुणी नाही म्हणून पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी डब्यात पडून राहते. ती चिठ्ठी घेऊन बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे बिम्सला जा, पुढं कॉल्पोस्कोपी (भिंगातून जवळून बघणं), लागली तर बायोप्सी (बारीक तुकडा काढून तपासणं).

उपचाराची वेळ आली तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या, 30 टक्के. आधार, रेशन कार्ड आणि सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. इमर्जन्सी सोडली तर पत्राशिवाय योजनेत बसत नाही, म्हणून घाबरून थेट मिरज-कोल्हापूरची गाडी धरायच्या आधी ते हातात घ्या. आधारवर माहेरचं नाव आणि रेशन कार्डात सासरचं असेल तर ते आजच सारखं करायला द्या, आजारपणात त्यासाठी फेऱ्या मारणं फार जड जातं.

निगेटिव्ह आलं तर तारीख लिहून कागद आधारच्याच पिशवीत ठेवा, 5 वर्षांनी परत जायचंय.