शूटिंग हेडचा नंबर आणि तीस फुटांचे माप

फ्लाय फिशिंगमध्ये आमिष (फ्लाय) हलके असते, म्हणून फेकीला (कास्टला) लागणारे वजन लाइनमध्येच असते. शूटिंग हेड म्हणजे त्या लाइनचा पुढचा जड तुकडा, आणि रॉडचा नंबर म्हणजे त्याला साजेशा लाइनच्या वजनाचा नंबर. आठ नंबरच्या एकहाती रॉडला लागणारे शूटिंग हेड आणि आठ नंबरच्याच दुहाती रॉडला लागणारे हेड यांच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक असतो. सॅमनसाठी पहिल्यांदा दुहाती रॉड घेणारे बहुतेक जण इथेच फसतात. या घोळाचे मूळ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या एका निर्णयात आहे.

त्याआधी रेशमी लाइन जाडीवरून ओळखली जाई. ए म्हणजे ०.०६० इंच, पुढच्या प्रत्येक अक्षराला ०.००५ इंच कमी. एचसीएच लाइन टोकांना ०.०२५ आणि मध्ये ०.०५० इंच जाड असे. नायलॉन आणि नंतर पीव्हीसीचे आवरण आल्यावर जाडी तीच पण वजन वेगळे, अशी स्थिती झाली. रॉड वाकतो तो वजनाने, म्हणून साहित्य उत्पादकांच्या संघटनेने पुढच्या ३० फुटांचे (९.१४ मीटर) वजन हेच माप ठरवले. आठ नंबर म्हणजे २१० ग्रेन (१३.६ ग्रॅम), नऊ म्हणजे २४० (१५.५ ग्रॅम), दहा म्हणजे २८० (१८.१ ग्रॅम).

एकहाती रॉडसाठी हा निर्णय योग्यच होता. सॅन फ्रान्सिस्कोचे स्पर्धक कास्टर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून साधारण ३० फुटांचेच हेड कापून मागे बारीक नायलॉन (रनिंग लाइन) जोडत होते, आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट) पकडणाऱ्यांनी ती रीत नदीवर नेली. एक खुबी मात्र तेव्हापासून पाळली जाते: हेड रॉडच्या नंबरापेक्षा एक-दोन नंबर जड घ्यायचे. कारण पूर्ण लाइन फेकताना ३० फुटांहून जास्त भाग हवेत असतो, हेडमध्ये तेवढे वजन मागे उरतच नाही.

दुहाती रॉडवर हे माप लंगडे पडते. १४-१५ फुटी रॉडने ६० फूट डबल टेपर (दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये सारखी जाड लाइन) उचलली, तर रॉडवर येणारे वजन ३० फुटांच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जाते. रॉडवरचा 'दहा' म्हणजे त्या सगळ्या लांबीचा दहा. १९८० च्या दशकात स्वीडन-नॉर्वेच्या सॅमन नद्यांवर अंडरहँड कास्टसाठी (मुख्यतः खालच्या हाताच्या जोराने होणारी फेक) डबल टेपर कापून हेड करू लागले, तेव्हा नंबराला अर्थच उरला नाही. एकाच लाइनचे १० मीटर आणि १२ मीटर तुकडे वेगळ्या वजनाचे, पण खोक्यावर नंबर एकच. पुढे दुहाती लाइनसाठी वेगळा तक्ता आला, पण तो ४०, ५५, ६५ आणि ८० फूट अशा चार लांब्यांवर बेतलेला. म्हणजे एका नंबराला चार वजने. तेव्हाच नंबर सोडून सरळ ग्रॅम छापायचे ठरले असते, तर बरीच चुकीची खरेदी टळली असती.

हेड स्वतः कापणारे कापत मागच्या टोकाकडून, एका वेळी एक फूट. पुढचा निमुळता भाग कापला तर लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) सरळ उलगडत नाही आणि फ्लाय धपकन पडते.

१९९० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट नदीवर हिवाळी स्टीलहेडसाठी आखूड, बोथट तोंडाचे जड हेड आले. आज सॅमनसाठीची निवड मुख्यतः दोन घराण्यांत होते: स्वीडन-नॉर्वेकडचे स्कँडी आणि हे स्कॅजिट. १३ फुटी आठ नंबरी रॉडला स्कँडी हेड साधारण ३३ ते ३६ ग्रॅमचे, लांबी रॉडच्या पावणेतीन ते तीनपट, आणि पुढे रॉडएवढा लीडर. स्कॅजिट दोन-चार ग्रॅम जड, लांबीला बरेच कमी, पुढे १० ते १२ फूट बुडणारी टिप (टोकाला जोडलेला जड तुकडा). टी-१४ टिप फुटाला १४ ग्रेन भरते, म्हणजे १० फुटांना १४० ग्रेन. स्कँडीच्या बारीक टोकाला ती लावली तर टिप पाण्यातून सुटत नाही, कास्ट मध्येच कोसळतो. उन्हाळ्यात उथळ पाण्यात छोट्या फ्लायसाठी स्कॅजिट वापरले तर ते मासा बुजेल इतके आपटते.

वजन जुळूनही कास्ट बिघडत असेल, तर रॉडच्या टोकाबाहेर किती रनिंग लाइन सुटली आहे ते पाहावे. अर्धा ते एक मीटर पुरे. त्याहून जास्त सुटली की बारीक दोर हेडला जोर पोहोचवू शकत नाही आणि लूप (हवेत उलगडणारा लाइनचा फास) मोडतो.