पाळणाघरविषयक कायदे (मुंबई)

आईवडील कामावर असताना सहा वर्षांखालील मुलांना सांभाळण्याची सोय म्हणजे पाळणाघर. मुंबईला ही गरज गिरण्यांच्या काळापासून आहे. देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा मुंबई प्रांताने १९२९ साली केला. त्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे मांडले होते. पण बाई कामावर परतल्यावर तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न उरलाच.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ ने पाळणाघर सक्तीचे केले, तेही ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तरच. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आली. बायकांची संख्या मोजण्याची ही पद्धत मुळातच चुकीची होती. बायका कमी घेतल्या की मालकाची जबाबदारी टळते, आणि मूल जणू एकट्या आईचेच ठरते. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यातही ५० स्त्रियांचीच अट होती. एका इमारतीवरचे मजूर अनेक ठेकेदारांच्या हजेरीपटांवर विभागलेले असतात; तिथे हा आकडा भरणार कसा? मुंबईत बांधकामांवरच्या मुलांसाठी १९७२ पासून मोबाइल क्रेशेस ही संस्था काम करत आली, कायद्याच्या कितीतरी आधी.

२०१७ मध्ये मोजणी बदलली. प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर, मग त्यात पुरुष कितीही असोत, पाळणाघराची सक्ती केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने एक किलोमीटरच्या परिघात अनेक आस्थापनांना मिळून एक पाळणाघर चालवण्याची वाट ठेवली. लोअर परळ किंवा अंधेरीसारख्या, एकाच इमारतीत अनेक कार्यालये असलेल्या भागांत ही तरतूद खरोखर उपयोगाची आहे.

दर्जाची बाजू मात्र लंगडी आहे. केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी. मुंबईतल्या असंख्य घरांचा भार मात्र सोसायटीतल्या एखाद्या काकूंनी राहत्या घरात चालवलेल्या पाळणाघरावर असतो, आणि ते यांतल्या कोणत्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळे उघड झाली, तेव्हा खासगी पाळणाघरांवर देखरेख कोणाची, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. नोंदणी, नियमित तपासणी आणि सांभाळणाऱ्या बाईला प्रशिक्षण व रास्त पगार, एवढे तरी राज्याच्या कायद्यात असायलाच हवे.