स्वालबार्डची दगडफुलं मोजताना

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर विलोचं झाडसुद्धा बोटभर उंचीचं. फुलझाडांच्या जाती दोनशेच्या आत, पण दगडफुलांच्या सातशेहून अधिक! आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल यांच्याच गोतातलं: बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला एक देह.

त्यांची पाहणी गुडघे टेकूनच करावी लागते. जमिनीवर चौकट ठेवायची आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून आतली प्रत्येक जात टिपायची. तिने किती टक्के जागा व्यापली तेही लिहायचं. झुडपासारखी दगडफुलं हाताने सुटतात. खडकाला खपलीसारखी चिकटलेली मात्र छिन्नी-हातोडीने दगडाच्या कपच्यासकट काढावी लागतात. नमुना कागदी पाकिटातच ठेवायचा, प्लास्टिकमध्ये ओल धरून तो कुजतो. पक्षी बसतात त्या कड्यांवर, विष्ठेतल्या नायट्रोजनवर पोसलेलं झँथोरिया हे नारिंगी दगडफूल दिसतं. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की क्षणात गडद जांभळट लाल डाग उमटतो. अशा रंगांवरून जाती ओळखायला मोठी मदत होते. तरीही पुष्कळ खपल्यांचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिल्यावरच लागतो.

माझ्या मते नुसती जातींची यादी अपुरी आहे. स्वालबार्डमधल्या ब्रोगर द्वीपकल्पाचंच पाहा. 1978 साली तिथे 12 रेनडिअर सोडले. 1993पर्यंत ते साडेतीनशेच्या घरात गेले आणि त्यांनी झुडपी दगडफुलांचे गालिचे खाऊन फस्त केले. त्यानंतरच्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडून चाऱ्यावर बर्फाचं कवच चढलं आणि कळप उपासमारीने कोसळला. खडकावरच्या खपल्यांना रेनडिअरनी तोंडही लावलं नव्हतं. म्हणजे जातींचा आकडा फारसा न हलताही जमीन उघडी पडू शकते. ते कळतं टक्क्यांच्या रकान्यातून, आणि तेही त्याच जागी पुन्हा मोजलं तरच. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांवर कायमच्या खुणा हव्यात.

याच द्वीपकल्पावर, नी-ऑलेसुंडला, 2008पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडे असतो. दगडफुलं वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने वाढतात, काही तर त्याहूनही कमी. गालिचा भरून यायला दशकं लागतात. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात हे मावणार नाही. एकाने आखलेल्या चौकटी पुढच्या पिढीच्या संशोधकाला सापडतील, अशी नोंद आणि तेवढा दीर्घ निधी हवा.