कोयनेचं पाणी सोडलं, पण कोणत्या बाजूला?

पावसाळ्यात 'कोयनेतून विसर्ग वाढवला' अशी बातमी आली की सांगलीकर आणि चिपळूणकर, दोघांच्याही जिवाला घोर लागतो. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून पाणी दोन विरुद्ध दिशांना जातं, आणि बातमीत बऱ्याचदा तेवढंच सांगायचं राहून जातं.

धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की पाणी कोयनेच्या मूळ पात्रात पडतं. पाटणवरून ते कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, पुढे सांगलीला जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. पायथा वीजगृहही याच बाजूला आहे, 20 मेगावॉटची दोन युनिटं. 'पायथ्यातून 2100 क्युसेक' (सेकंदाला 2100 घनफूट) असं वाचलं की दोन्ही चालू आहेत असं समजावं. उन्हाळ्यात टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पंप याच पाण्याची वाट पाहत असतात. इथे पाणी मुख्यतः शेतीसाठी सुटतं, त्यावर वीज मिळते ती वरकड.

पश्चिमेला सगळं उलट. तिकडे पाणी जातं ते विजेसाठीच. नवज्याजवळ ते बोगद्यात शिरतं, सह्याद्रीच्या पोटातून जातं आणि चारशे मीटरांहून जास्त खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात टर्बाइनवर आदळतं. पायथ्याला ज्या 2100 क्युसेकवर 40 मेगावॉट मिळतात, तेवढंच पाणी इकडे आलं तर वीज कैक पटींनी जास्त. शिवाय ते तिथे संपत नाही. कोळकेवाडी धरणात अडवून त्याच पाण्यावर आणखी 320 मेगावॉटचं वीजगृह चालतं. पायथा, पोफळी, कोळकेवाडी आणि प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं 1000 मेगावॉटचं वीजगृह मिळून एकूण क्षमता 1960 मेगावॉट. मग हे पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. कृष्णेच्या खोऱ्यात ते परत येत नाही, म्हणूनच कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. हे वर्ष 1 जूनपासून मोजतात. त्यामुळे कोटा संपत आला की मे महिन्यात धरणात पाणी दिसत असूनही पोफळीला हात आखडता घ्यावा लागतो.

तेव्हा दरवाजे किती फूट उचलले हा आकडा कराड-सांगलीच्या कामाचा. चिपळूणकरांनी त्याने घाबरू नये. त्यांनी वाशिष्ठीच्या खोऱ्यातला पाऊस, भरतीची वेळ आणि कोळकेवाडीचा विसर्ग पाहावा, आणि बातमी देणाऱ्यांनीही तो वेगळा द्यावा.