फुकट रेशनमुळे मजूर मिळत नाही? आधी हिशोब बघा

"रेशन फुकट झालं, आता कोण कामाला येतंय, बंद करा हे सगळं" हे वाक्य आता दर चार दिवसांनी ऐकायला मिळतं. अहो, मिळतं किती ते तरी बघा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य, म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या कार्डाला, घरटी 35 किलो, बस. आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट झालं, पण त्याआधी तरी भाव काय होता, गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो! म्हणजे फुकट झाल्याने प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला वाचले जास्तीत जास्त 15 रुपये, त्यात कोण घरी बसेल सांगा. तेल, डाळ, गॅस, भाडं, पोरांच्या वह्या सगळं विकतच आहे ना.

आमच्या इथल्या रेशन दुकानात एक मावशी बांधकामावरून तशाच येतात, सिमेंटने बोटं इतकी झिजलीत की मशीनवर अंगठा उमटत नाही, ओढणीला पुसून पुसून चार चारदा लावतात. त्यांना आळशी म्हणायचं? बोगस कार्डं जरूर काढा, माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण मजूर येत नसेल तर आधी रोज किती देताय ते बघा.