श्रावणबाळचे पैसे: रक्कम वाढली, अट तिथेच

महाराष्ट्रात निराधारांना दरमहा पैसे द्यायची सुरुवात १९८० ची. बॅ. अ. र. अंतुले त्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले, त्याच महिन्यात संजय गांधींचं विमान अपघातात निधन झालं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला नाव कुठून मिळालं हे वेगळं सांगायला नको. रोजगार हमीचा कायदा तोवर झाला होता, पण ज्यांना हमीच्या कामावर जाणंच झेपत नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरलाच होता.

केंद्र सरकार बऱ्याच उशिरा जागं झालं. वृद्धांना सरकारी साहाय्य मिळावं असं घटनेचं ४१ वं कलम सुचवतं, तरी देशपातळीवरची योजना यायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. तेव्हा ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला ७५ रुपये मिळत. २००६ मध्ये त्याचे २०० झाले, २००७ मध्ये इंदिरा गांधींचं नाव लागलं, २०११ मध्ये वयाची अट ६० वर आली आणि ऐंशी ओलांडलेल्यांना ५०० ठरले. साठ ते एकोणऐंशीतल्यांसाठी केंद्राचा वाटा मात्र २०० वरून हललेला नाही. पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्यासोबत, वृद्धांच्या पेन्शनसाठी झगडणाऱ्या पेन्शन परिषदेतर्फे २०१२ पासून किमान २,००० रुपयांची मागणी करत राहिले, ती दिल्लीला पटली नाही.

त्यामुळे भार राज्यांवर पडला. गोव्यात २००१ मध्ये दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आली. आपल्याकडे वृद्धांना दरमहा पैसे देणारी श्रावणबाळ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर केंद्राचे २०० आणि राज्याचे ४००. यादीत नाव नाही पण गरिबी आहे, तर पूर्ण ६०० राज्याचे. २०१९ मध्ये १,००० आणि जुलै २०२३ पासून १,५०० झाले.

खरी मेख उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. ६०० रुपये मिळायचे तेव्हा यादीबाहेरच्या कुटुंबासाठी मर्यादा वर्षाला २१,००० होती; १,५०० झाले तेव्हाही ती २१,०००च ठेवली गेली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, आणि तेही सगळ्या घराचे. २०२३-२४ मध्ये रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २७३ रुपये. घरातल्या कुणी शंभर दिवस माती उपसली की २७,३०० होतात आणि आजी अपात्र ठरते! प्रत्यक्षात तसं फारसं होत नाही, कारण दाखल्यावर आकडा अटीत बसेल असाच पडतो. अर्जदाराला ते ठाऊक असतं आणि तलाठ्यालाही. पण एखाद्याला लाभार्थ्यांतून वगळायचंच असेल, तर हाच दाखला पुढे करता येतो. लाभार्थी ठरवणाऱ्या तालुका समितीवर अध्यक्ष कुणाचा, यावरून रस्सीखेच का होते ते यावरून कळावं.

२०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत तेवढेच १,५०० रुपये सुरू झाले, उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. त्या योजनेची वयोमर्यादा ६५. ती ओलांडलेल्या बाईला श्रावणबाळकडे वळावं लागतं, आणि तिथे तिच्यापुढे २१,००० ची अट उभी राहते.